टीव्हीचं चित्र दोन सेकंद जातं आणि परत येतं: नवी केबल घेण्याआधी काय तपासायचं

नवा ४के टीव्ही भिंतीवर चढतो, जुन्याच एचडीएमआय केबलने सेट टॉप बॉक्स किंवा फायर स्टिक जोडली जाते आणि थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते. चालू कार्यक्रमात पडदा काळा होतो. दोन-तीन सेकंद काहीच नाही, ‘नो सिग्नल’ उमटतंय तोवर चित्र परत. मग बराच वेळ सगळं ठीक, आणि ऐन शेवटच्या षटकात पुन्हा तेच. टीव्हीवाला म्हणतो बॉक्स बघा, डिशवाला म्हणतो केबल बदला, आणि दुकानदार काउंटरवर दोन केबल ठेवतो. एक साधी, एक सोनेरी टोकांची आणि जाळीदार वेष्टणाची. साहजिकच महागडी घरी येते. कधी तिने काम होतं, बऱ्याचदा होत नाही.

केबल सगळ्यात शेवटी विकत घ्यायची. दोष कुठे आहे हे पडदाच सांगतो, आणि ते बघायला रिमोट पुरतो.

कुणाचा मेन्यू जातो ते बघा

पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टी तीन ठिकाणांहून येतात. टीव्हीचा स्वतःचा सेटिंगचा मेन्यू टीव्हीच्या पोटातच तयार होतो. बॉक्सचा गाइड किंवा स्टिकचं होमपेज बॉक्समध्ये तयार होतं आणि एचडीएमआय केबलमधून टीव्हीपर्यंत येतं. चॅनेलचं चित्र मात्र डिशवरून, केबलवाल्याच्या वायरीतून किंवा इंटरनेटवरून आधी बॉक्समध्ये येतं, मग पुढे टीव्हीत. तिन्ही तपासले की दोष कोणत्या टप्प्यात आहे ते कळतं.

सुरुवात टीव्हीपासून करा. टीव्हीतलंच यूट्यूबचं ॲप लावून अर्धा तास चालू ठेवा. तिथेही पडदा काळा होत असेल किंवा आडव्या रेघा येत असतील, तर बाहेरच्या केबलचा काही संबंध नाही, टीव्हीच दाखवायला हवा. नुसता टीव्हीचा मेन्यू उघडून ही परीक्षा होत नाही, कारण काही टीव्हींमध्ये बाहेरचा सिग्नल तुटला की उघडलेला मेन्यूही बंद होतो.

मग बॉक्सचा गाइड उघडा. चॅनेलचं चित्र चौकोनांत फुटतंय, आवाज अडखळतोय, पण गाइडची अक्षरं त्याच वेळी धारदार दिसताहेत, असं असेल तर एचडीएमआय केबल निर्दोष आहे. गडबड सिग्नल बॉक्समध्ये शिरण्याआधीच आहे. छत्री हललेली असेल, एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) गेलेला असेल, किंवा गच्चीवरून खाली येणाऱ्या जाड काळ्या वायरीच्या टोकाला फिरवून बसवायचा जो एफ कनेक्टर असतो त्यात पाणी शिरलेलं असेल. आपल्याकडे जून-जुलैत हे फार होतं. मुसळधार पावसात उपग्रहाकडून छत्रीवर येणारा केयू बँडचा सिग्नल तसाही क्षीण होतो, त्यावर इलाज नाही. पण पाऊस थांबून तास उलटला तरी चित्र फुटतच असेल, तर तो कनेक्टर उघडून बघायला सांगा. आतली तांब्याची तार काळवंडलेली किंवा हिरवी पडलेली असेल तर तेवढं टोक कापून नवा कनेक्टर बसवायचा. कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात खाऱ्या हवेने हे काम आणखी लवकर निघतं. स्टिकवर चित्र अडकून मध्ये गोल फिरत बसला असेल तर तो इंटरनेटचा प्रश्न आहे, वायफाय राउटरकडे जा.

गाइड आणि चॅनेल दोन्ही एकदमच काळे होतात, आणि टीव्हीतलं यूट्यूब मात्र व्यवस्थित चालतं, असं असेल तर गाठ एचडीएमआयच्या जोडणीशी आहे. पुढचं सगळं त्या लोकांसाठी.

पाच वर्षं चाललेली केबल अचानक कशी बिघडली?

ती बिघडलेली नाही. तिच्यावरचं ओझं वाढलंय.

एचडीएमआयमधून चित्र आकड्यांच्या रूपात जातं. फुल एचडी चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला, सोबतचे जादा बिट धरून, सेकंदाला साधारण ४.४६ गिगाबिट लागतात. ४के चित्र म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके. तेही सेकंदाला ६० वेळा, पूर्ण रंगांसह पाठवायचं तर १७.८२ गिगाबिट. म्हणजे चौपट. जुन्या टीव्हीवर जी केबल आरामात चालत होती ती आता दमते. काठावर पास होणाऱ्या पोरासारखी तिची गत असते: पेपर सोपा असेपर्यंत कुणाला काही कळत नाही.

अ‍ॅनालॉग जमान्यात वायर खराब असली की चित्र हळूहळू खराब व्हायचं. आधी सावली, मग मुंग्या, मग रंग जायचा. एचडीएमआयमध्ये तसं होत नाही. थोड्या चुका झाल्या तर पडद्यावर, विशेषतः अंधाऱ्या दृश्यात, पांढऱ्या किंवा रंगीत ठिणग्या चमकतात. चुका वाढल्या की टीव्हीची सिग्नलवरची पकड सुटते. मग बॉक्स आणि टीव्ही पुन्हा एकमेकांची ओळख पटवून घेतात, चोरून नक्कल होऊ नये म्हणून असलेल्या एचडीसीपी कुलपाच्या किल्ल्या पुन्हा जुळवतात, आणि चित्र परत येतं. ते दोन-तीन सेकंद यातच जातात.

यातूनच एक गोष्ट निघते, जी काउंटरवर कुणी सांगत नाही. एचडीएमआय केबलमुळे रंग फिके पडत नाहीत आणि चित्र धूसरही होत नाही. महाग केबलने लाल जास्त लाल दिसत नाही. चित्र धूसर असेल तर बहुतेक वेळा चॅनेलच एसडी असतं. त्याच्या ५७६ ओळी ताणून टीव्ही २१६० ओळींचा पडदा भरतो, त्याला केबल काय करणार? नाहीतर बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट ५७६ वरच राहिलेलं असतं, कारण बसवणारा माणूस जुन्या टीव्हीला लावून गेला होता. ते १०८० वर करा. अनेक घरांत एवढ्यानेच ‘नवा टीव्ही’ दिसायला लागतो.

फुकटातली परीक्षा

बॉक्सच्या किंवा स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन ‘ऑटो’वरून काढून १०८०पी, ६० हर्ट्झवर (म्हणजे फुल एचडी, सेकंदाला ६० चित्रं) ठेवा आणि एक संध्याकाळ नेहमीसारखा टीव्ही बघा.

काळं होणं पूर्ण थांबलं, तर केबलला ४के झेपत नाही हे जवळजवळ सिद्ध झालं. तरीही काळं होतंच आहे, तर वेगाचा प्रश्न नाही. मग पिन सैल आहे, टीव्हीचा तो पोर्ट ढिला झालाय, किंवा बॉक्सच मध्येच मान टाकतोय. केबलचं बसलेलं टोक बोटाने अगदी हलकेच वरखाली हलवून बघा. चित्र गेलं तर दोष तिथेच. मग केबल तीच ठेवून पोर्ट बदला, आणि पोर्ट तोच ठेवून केबल बदला. दोन्ही एकाच वेळी बदललंत तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही. शेजाऱ्यांची केबल तासभर मागून आणणं हा या कामातला सगळ्यात उपयोगी खर्च.

स्टिकबद्दल एक वेगळी गोष्ट. तिची वीज टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमधून घेतली असेल तर आधी ते बदला. टीव्हीचे साधे यूएसबी २.० पोर्ट अर्ध्या अँपिअरसाठी बनवलेले असतात, आणि स्टिकसोबत येणारा अॅडॉप्टर त्याच्या दुप्पट देतो. वीज कमी पडली की स्टिक बंद होऊन पुन्हा सुरू होते. अशा वेळी पडद्यावर कंपनीचा लोगो येतो. काळं होऊन तेच चित्र परत आलं तर केबल, आणि लोगो येऊन सगळं पहिल्यापासून सुरू झालं तर वीज.

लक्षणं जरा बारकाईने पाहिली तर आणखीही कळतं. काही घरांत मेन्यूत फिरताना चित्र जातं, सिनेमा सुरू झाला की जात नाही. उपकरण चित्रांचा वेग सिनेमाप्रमाणे बदलत असेल तर असं होतं, कारण सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि ४के असूनही त्याचा भार ६० चित्रांच्या मानाने जवळपास निम्म्यावर येतो. काही घरांत नेमकं उलट, एरवी ठीक आणि एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधाराच्या आणि रंगांच्या जास्त छटा दाखवणारा कार्यक्रम लागला की काळं. तिथे रंगांची जादा माहिती केबलला मर्यादेपलीकडे नेते. दोन्हीचा अर्थ एकच, केबलची कुवत कमी पडतेय.

मग टीव्हीचं एक सेटिंग बघा. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय: सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘एचडीएमआय डीप कलर’, सोनीत ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ आणि त्यातलं ‘एन्हान्स्ड’. हे बंद असताना टीव्ही बॉक्सला सांगतो की मला हलकाच सिग्नल पाठव. चालू केल्यावर पूर्ण भार येतो. हे सेटिंग चालू केलं आणि त्याच दिवसापासून काळं व्हायला लागलं, असं असेल तर नवी केबल येईपर्यंत ते बंद ठेवा. एचडीआर किंवा रंगांची थोडी बारीक माहिती जाईल, पण मॅच तर अखंड बघता येईल. याच्या उलटही होतं. केबल उत्तम, टीव्ही उत्तम, तरी ४के ६० हर्ट्झचा पर्याय बॉक्समध्ये दिसतच नाही. त्याचं कारण बहुधा हेच सेटिंग बंद असणं, किंवा केबल टीव्हीच्या चुकीच्या पोर्टात असणं. सगळे पोर्ट सारखे नसतात. मागे किंवा बाजूला पोर्टाशेजारी बारीक अक्षरांत ‘४के’, ‘१२० हर्ट्झ’, ‘ईएआरसी’ असं छापलेलं असतं. टीव्ही भिंतीला चिकटवलेला असेल तर मोबाईलने फोटो काढून वाचा.

आता केबल घ्यायचीच असेल तर

पाकिटावर ‘एचडीएमआय २.०’, ‘२.१’ असे आकडे बघून घेऊ नका. हे आकडे उपकरणांच्या तंत्राचे आहेत. केबलवर आवृत्तीचा आकडा छापायला एचडीएमआयचे परवाने देणाऱ्या संस्थेचीच मनाई आहे. केबल नावाने ओळखायची. ‘हाय स्पीड’ म्हणजे १०.२ गिगाबिटची, फुल एचडीला भरपूर आणि ४केला सेकंदाला ३० चित्रांपर्यंत पुरेशी. ‘प्रीमियम हाय स्पीड’ १८ गिगाबिटची, म्हणजे ४के सेट टॉप बॉक्स, स्टिक, साउंडबार यांना पुरून उरणारी. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ४८ गिगाबिटची, प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स यांच्यावर १२० हर्ट्झने खेळणाऱ्यांसाठी. शेवटच्या दोन प्रकारांच्या पाकिटावर मोबाईलने स्कॅन करता येणारं चकचकीत लेबल असतं. ते स्कॅन करून बघा आणि मगच पैसे द्या. अल्ट्राच्या वेष्टणावरही तिचं पूर्ण नाव छापलेलं असतं. ‘एट-के अल्ट्रा प्रो गोल्ड’ असल्या नावांना काही अर्थ नाही.

प्लेस्टेशन ५ च्या खोक्यात अल्ट्रा हाय स्पीड केबल येतेच. ती काढून सेट टॉप बॉक्सला लावायची आणि बॉक्सची जुनी केबल गेमला, हा उद्योग मुलांनी नाही तर मोठ्यांनीच केलेला असतो. गेममध्ये मधूनच अंधार होत असेल तर आधी अदलाबदल तपासा.

सोन्याचा मुलामा फुकट नाही, पण त्याचं काम वेगळं आहे. सोनं गंजत नाही, त्यामुळे दमट हवेत टोकांचा संपर्क टिकतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांना तेवढा फायदा आहे. चित्राला काडीचाही नाही.

लांबीचा हिशेब कडक ठेवा. टीव्ही आणि बॉक्समधलं अंतर दीड मीटर असेल तर दोन मीटरची केबल घ्या. ‘असू दे जास्त’ म्हणून पाच मीटरची घेऊन मागे गुंडाळून ठेवण्यात नुकसानच आहे. साध्या तांब्याच्या केबलने १८ गिगाबिट पाच मीटरपर्यंत बरे जातात, त्यापुढे नशिबावर. ४८ गिगाबिटसाठी मी तीन मीटरच्या पुढे जाणार नाही. दोन केबल जोडायचा छोटा जॉइंटर, भिंतीवरची सॉकेट पट्टी, काटकोनात वळवणारी पिन, या प्रत्येक ठिकाणी सिग्नल थोडा गळतो. काटकोनाची पिन तरीही कधी कधी लागतेच, कारण भिंतीला खेटलेल्या टीव्हीच्या मागे जाड केबल वाकवली की तिचा ताण पोर्टावर येतो आणि वर्षभरात पोर्ट ढिला होतो.

मध्ये जुना होम थिएटरचा अॅम्प्लिफायर असेल तर नवी केबल घेऊनही ४के दिसणार नाही. साखळीतल्या प्रत्येक उपकरणाला एचडीसीपी २.२ समजावं लागतं, आणि २०१३ च्या आधीच्या अॅम्प्लिफायरला ते समजत नाही. बॉक्स थेट टीव्हीला जोडा आणि टीव्हीकडून आवाज तेवढा अॅम्प्लिफायरकडे पाठवा.

चित्र आहे, आवाज नाही

हे पटकन संपतं. बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘डॉल्बी’ऐवजी ‘पीसीएम’ निवडा. साउंडबार असेल तर त्याची केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेल्या पोर्टातच हवी, बाकीच्या पोर्टांतून टीव्ही आवाज बाहेर पाठवत नाही. आणि सीईसी (एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय) चालू हवं, ज्याला सॅमसंग ‘एनीनेट प्लस’, एलजी ‘सिंपलिंक’ आणि सोनी ‘ब्राव्हिया सिंक’ म्हणते. जुन्या कॉम्प्युटरची डीव्हीआय किंवा व्हीजीए केबल वापरत असाल तर आवाजासाठी वेगळी वायर लागेलच. व्हीजीएतून आवाज जातच नाही, आणि डीव्हीआयवर बहुधा मिळत नाही.

लाल, पांढरी, पिवळी

जुने फ्री डिश बॉक्स, डीव्हीडी प्लेअर, लग्नाच्या कॅसेटी वाजवणारा व्हीसीआर अजून बऱ्याच घरांत आहेत, आणि ते तीन रंगांच्या एव्ही वायरीने जोडले जातात. पिवळ्यात चित्र, पांढऱ्यात डावा आवाज, लालमध्ये उजवा. इथे दोन तक्रारी पुन्हा पुन्हा येतात.

पहिली, चित्र काळं-पांढरं दिसतं. बऱ्याच नव्या टीव्हींवर पिवळं भोक वेगळं नसतंच. हिरव्या भोकाभोवती अर्धी पिवळी कड असते किंवा ‘वाय/व्हिडिओ’ असं लिहिलेलं असतं, आणि पिवळी पिन तिथेच लावायची असते. लावल्यावर सोर्समध्ये ‘कॉम्पोनंट’ निवडलं तर टीव्ही त्या वायरीतून फक्त उजेड-अंधाराची माहिती घेतो आणि रंग सोडून देतो. सोर्स ‘एव्ही’ करा, रंग येतात. कॉम्पोनंटमध्ये चित्रासाठीच हिरवी, निळी, लाल अशा तीन वायरी असतात आणि आवाजाच्या लाल-पांढऱ्या वेगळ्या. म्हणजे दोन लाल पिना. त्यांची अदलाबदल झाली की माणसांचे चेहरे हिरवट दिसतात आणि स्पीकरमधून करकर येते.

दुसरी तक्रार जास्त छळते. टीव्हीवर किंवा बॉक्सवर तीन भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच ३.५ मिलिमीटरचं भोक असतं, आणि घरात पडलेली तशी वायर लावली की चित्राच्या जागी काही नाही, स्पीकरमध्ये घूंऽऽ असा आवाज. वायर दिसायला सारखी, पण त्या पिनेवरच्या चार कड्यांपैकी कुठल्या कडीवर चित्र आणि कुठल्या कडीवर आवाज हे प्रत्येक कंपनीने आपल्या मनाने ठरवलंय. फेकून देण्याआधी दुसऱ्या टोकाच्या तीन पिना आळीपाळीने चित्राच्या भोकात लावून बघा. बऱ्याचदा लाल पिनेतून चित्र येतं. तसं आलं तर रंग विसरा आणि तसंच वापरा. तिन्हीतून काहीच आलं नाही तर अर्थिंगची कडीच वेगळी आहे, मग त्या उपकरणासोबत आलेलीच वायर हवी.

नव्या बॉक्सला फक्त एचडीएमआय आणि घरातला जुना डबा टीव्ही फक्त एव्हीचा, अशी जोडी जमवायची असेल तर कन्व्हर्टर लागतो. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला थेट तीन रंगांच्या पिना अशी नुसती वायर ऑनलाइन स्वस्तात दिसते. घेऊ नका. आकड्यांचा सिग्नल अ‍ॅनालॉग करायला आत चिप लागते आणि चिपला वीज लागते. ज्या वायरीत ना डबी आहे ना यूएसबीची शेपटी, तिच्यातून चित्र येणं शक्य नाही. काम करणारा कन्व्हर्टर काड्यापेटीएवढ्या डबीचा असतो. त्यातही एचडीएमआयकडून एव्हीकडे आणि एव्हीकडून एचडीएमआयकडे अशा दोन वेगळ्या डब्या मिळतात, दिसायला जुळ्या. दुकानातही त्यांची गल्लत होते, म्हणून ‘इन’ आणि ‘आउट’ वाचून घ्या. डबीवर ‘पाल’ आणि ‘एनटीएससी’ असं लिहिलेलं बारीक बटण असतं, ते आपल्याकडे ‘पाल’वर ठेवायचं. ते चुकीच्या बाजूला असलं की जुन्या टीव्हीवर चित्र वर-खाली पळतं किंवा रंग जातात, आणि दोष बिचाऱ्या टीव्हीला दिला जातो.

लॅपटॉप यूएसबी-सीने जोडणाऱ्यांनी एवढंच बघावं: लॅपटॉपच्या त्या भोकातून चित्र बाहेर येण्याची सोय आहे का. भोकाशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं विजेचं चिन्ह असेल तर आहे. नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. मोबाईलच्या चार्जिंगसोबत आलेली सी-टू-सी वायर बहुधा चित्र नेत नाही, आणि पुष्कळ मोबाईलच्या पोर्टातूनच चित्र निघत नाही. तिथे वायफायवरून कास्ट करणं सरळ.

पॅनेलच्या आत गाडलेली केबल

हल्ली हॉलमध्ये टीव्हीमागे लाकडी किंवा पीव्हीसीचं पॅनेल असतं, आणि बॉक्स खाली किंवा बाजूच्या कपाटात. फर्निचरचं काम चालू असताना सुतार विचारतो, ‘वायर आणून द्या, आत टाकून देतो.’ घाईघाईत दहा मीटरची मिळेल ती केबल आणली जाते, पॅनेल बंद होतं, पॉलिश होतं. टीव्ही नंतर येतो आणि काळं होणं सुरू. आता पॅनेल फोडायचं कोण?

पॅनेल फोडण्याआधी बॉक्स १०८०पीवर ठेवून बघा. सेट टॉप बॉक्सवर ४के कार्यक्रम तसेही मोजकेच असतात, आणि टीव्हीतलीच ॲप ४के दाखवत असतील तर बॉक्सला कशाला ताण द्यायचा? स्टिक असेल तर ती कपाटात न ठेवता थेट टीव्हीच्या मागे लावा, म्हणजे गाडलेली केबल वाटेत येतच नाही.

काम अजून व्हायचं असेल तर वायर नको, पाइप टाकून घ्या. २५ मिलिमीटरच्या पाइपातून एचडीएमआयचं टोक वळणावर अडकतं, ४० किंवा ५० मिलिमीटरचा घ्या. कोपऱ्यात काटकोनी एल्बो न लावता मोठं गोल वळण द्यायला सांगा, आणि आत एक नायलॉनची दोरी ओढून दोन्ही टोकांना बांधून ठेवा. पुढे कुठलीही केबल त्या दोरीने ओढता येते. अंतर पाच मीटरच्या वर असेल तर प्रकाशतंतूची एचडीएमआय केबल घ्या. ती बारीक असते, वीस मीटरलाही दमत नाही. मात्र तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ किंवा ‘टीव्ही’ लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर चित्र अजिबात येणार नाही, आणि तुम्हाला वाटेल केबल मेलेली आली. म्हणून पाइपात घालण्याआधी जमिनीवर पसरून टीव्हीला लावून बघा. ओढताना दोरी टोकाला नको, वेष्टणाला बांधा, आणि कुठेही घडी पडू देऊ नका, आतली काच तुटते.

वळीव आणि मेलेला पोर्ट

मे महिन्यातला वळीव किंवा ऑक्टोबरातला परतीचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी एक ठरावीक प्रश्न येतो: कालपर्यंत चालत होतं, आज ‘नो सिग्नल’. टीव्ही सुरू होतो, त्यातली ॲप चालतात, पण एचडीएमआयवर काहीच नाही.

जवळपास वीज पडली की गच्चीवरच्या छत्रीच्या वायरीत दाब उसळतो. तो बॉक्समध्ये शिरतो आणि तिथून एचडीएमआय केबलने टीव्हीच्या पोर्टामागच्या नाजूक चिपपर्यंत पोचतो. भिंतीवरचं बटण बंद केलेलं असलं तरी हा रस्ता उघडाच राहतो, कारण वायर जोडलेलीच असते. ढग गडगडायला लागायच्या आधी बॉक्सच्या मागची छत्रीची वायर फिरवून काढून ठेवणं हा एकच खरा उपाय. वीज कडाडत असताना मात्र तिला हात लावायला जाऊ नका, राहिली तर राहू दे.

पोर्ट खरंच मेलाय का, हे ठरवायला घाई नको. टीव्ही आणि बॉक्स दोघांची बटणं भिंतीवरून बंद करा, एचडीएमआय केबल दोन्हीकडून काढा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. नुसतं रिमोटने बंद करून उपयोग नाही, उपकरणं जागीच असतात. मग केबल लावा, आधी टीव्ही सुरू करा, सोर्स निवडा आणि शेवटी बॉक्स. पुष्कळ ‘मेलेले’ पोर्ट एवढ्याने उठतात. नाही उठला तर तीच केबल दुसऱ्या पोर्टात लावा, आणि तोच बॉक्स शेजाऱ्यांच्या टीव्हीला. बॉक्स तिथे चालला आणि आपल्या टीव्हीचे सगळे पोर्ट गप्प राहिले, तर टीव्हीचा मदरबोर्ड दाखवावा लागेल. विजेने झालेलं नुकसान वॉरंटीत बहुधा बसत नाही, घराचा विमा असेल तर त्याची कागदं काढून बघा. तोवर टीव्हीवर एव्हीचं भोक असेल आणि बॉक्सलाही असेल, तर लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने काम चालतं, ती बाजू बऱ्याचदा वाचलेली असते.

केबल लावताना बोटाला झिणझिण्या येत असतील तर तेही अंगावर काढू नका. दोन पिनांच्या अॅडॉप्टरवर चालणाऱ्या उपकरणांच्या धातूच्या भागावर थोडी गळतीची वीज असतेच, ती सहसा घातक नसते. पण अशा अवस्थेत चालू टीव्हीत चालू लॅपटॉपची केबल खुपसली की ठिणगी पोर्टातच पडते. दोन्हींचे प्लग काढून जोडा, मग सुरू करा. झटका जोराचा बसत असेल, किंवा टीव्हीच्या कडेला ओला हात लागल्यावरही जाणवत असेल, तर केबल बाजूला ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.